मधला प्रश्न मुलांना विचारू द्या

प्रश्न : मी वेंगुर्ले तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार या चारही क्रिया मुलांना चांगल्या येतात. परंतु दोन किंवा तीन पायऱ्यांचे शाब्दिक उदाहरण दिले की ते जेमतेम वाचून होते आणि लगेच ‘बाई, अधिक करू की वजा?’ अशी विचारणा सुरू होते. ‘एकूण’ आले तर बेरीज, ‘उरले’ आले तर वजाबाकी, ‘प्रत्येकी’ आले तर भागाकार, असा तक्ता मी वर्गात लावला आहे. तरीही फरक पडत नाही. माझे काय चुकते आहे?

उत्तर : तुमची तळमळ पत्रातून दिसतेच, म्हणून स्पष्ट सांगते : तो तक्ता उतरवून ठेवा. एका पायरीच्या सोप्या उदाहरणात तो उपयोगी वाटतो, पण त्यामुळे मुलांना उदाहरण न वाचता त्यातील एखादा शब्द शोधण्याची सवय लागते. ‘नीताकडे 24 शिंपले आहेत. ते सुहासच्या शिंपल्यांपेक्षा 6 ने जास्त आहेत. सुहासकडे किती शिंपले आहेत?’ हे उदाहरण वर्गात देऊन पाहा. ‘जास्त’ हा शब्द पाहून बरीच मुले 30 लिहितील. उत्तर 18 आहे, आणि ते कोणत्याही तक्त्यातून मिळणारे नाही.

ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे 1980 च्या सुमारास संशोधकांनी प्राथमिक शाळेतील 97 मुलांना विचारले होते, की एका जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? त्यांपैकी 76 मुलांनी दिलेले आकडे वापरून वय काढून दाखवले. ती मुले बुद्धीने कमी नव्हती. गणिताच्या तासाला आकडे दिले की त्यांचे काहीतरी करायचे असते, एवढेच शाळेने त्यांना शिकवले होते.

आता पायऱ्यांकडे वळू. अनेक पायऱ्यांच्या उदाहरणात अवघड असते ती क्रिया नव्हे. पुस्तक शेवटचा प्रश्न विचारते, पण त्याआधी सोडवावा लागणारा मधला प्रश्न कोठेही छापलेला नसतो. तो मुलाने स्वतःच स्वतःला विचारायचा असतो. बहुतेक मुले अडतात ती येथेच, आणि आपण शिक्षक मात्र घाईघाईने ‘आधी एकूण आंबे काढा, मग वजा करा’ असे सांगून तो प्रश्न त्यांच्या तोंडून काढून घेतो.

यावर मला सर्वांत गुणकारी वाटलेला उपाय म्हणजे उदाहरण प्रथम आकड्यांशिवाय सांगणे. फळ्यावर काही न लिहिता एवढेच सांगा : ‘बागेतून आंब्याच्या पेट्या आल्या. काही आंबे डागी निघाले, ते बाजूला काढले. उरलेले डझनावर विकले. किती पैसे आले?’ आकडेच नसल्यामुळे अधिक की वजा हा प्रश्न कोणी विचारूच शकत नाही. मग मुलांना सांगा, की हे काढायचे तर तुम्हाला काय काय ठाऊक असायला हवे, ते मला विचारा. पेट्या किती, पेटी किती डझनांची, डागी किती, डझनाला भाव काय, असे प्रश्न येऊ लागतील. आपल्या किनाऱ्यावरच्या ज्या मुलांनी मे महिन्यात घरच्या पडवीत पेट्या भरल्या आहेत, त्यांना हे प्रश्न सुचवावे लागत नाहीत. एरवी गप्प बसणारी मुलेही येथे पुढे येतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

प्रश्न विचारून झाल्यावरच आकडे द्या : 5 डझनांच्या 4 पेट्या, 24 आंबे डागी, भाव डझनाला 600 रुपये. एखादे मूल 4 × 5 × 12 = 240 आंबे, त्यातून 24 गेले, 216 उरले, त्यांचे 18 डझन झाले, म्हणून 10,800 रुपये, असे करील. दुसरे म्हणेल, ‘24 म्हणजे दोन डझनच की! 20 डझनांतून 2 गेले, 18 उरले.’ दोन्ही रीती फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि दोघांनाही आपण कोणता मधला प्रश्न सोडवला ते सांगायला लावा. अशा एका उदाहरणाला अख्खा तास लागला तरी चालेल. त्याच तासात दहा उदाहरणे उरकण्यापेक्षा तो अधिक सत्कारणी लागतो.

मुलांच्या घरी मालवणी बोलली जात असेल, तर उदाहरण वाचल्यावर ‘काय झाला ता सांग’ असे म्हणून त्यांना मालवणीतच सांगू द्या. पुस्तकी मराठीत अडलेले मूल गणितात अडले आहे, असा आपला चटकन गैरसमज होतो.

तुलनेच्या उदाहरणांसाठी मात्र चित्र हवेच. ‘मोठ्या होडीला लहान होडीपेक्षा 30 किलो बांगडे जास्त मिळाले. दोन्ही मिळून 150 किलो झाले. लहान होडीला किती मिळाले?’ येथे मुले 150 चे निम्मे करतात, किंवा 150 मधून 30 वजा करून 120 वर थांबतात. एक आखूड पट्टी काढा आणि तिच्याखाली तेवढीच पट्टी काढून तिला 30 चा तुकडा जोडा. तो तुकडा हाताने झाकला की दोन सारख्या पट्ट्या राहतात, त्या मिळून 120, म्हणून एक 60, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. सिंगापूरच्या शाळांत 1980 च्या दशकापासून ही रीत पद्धतशीरपणे शिकवली जाते, आणि तिला खडू-फळ्यापलीकडे काही लागत नाही.

शेवटी ताळा. गणिती जॉर्ज पोल्या यांनी उदाहरण सोडवण्याच्या चार अवस्था सांगितल्या आहेत : समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि मागे वळून पाहणे. यांतील शेवटची आपल्या वर्गांत बहुधा घंटेबरोबर निघून जाते. लहान होडीचे 60 आणि मोठीचे 90 मिळून 150 होतात का आणि त्यांत 30 चा फरक आहे का, हे पाहायला अर्धे मिनिट पुरते.

प्रश्न : माझा मुलगा शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करतो. तो तोंडी उत्तर बरोबर काढतो, पण पायऱ्या लिहायला तयार नसतो. लिहिल्याच तर 5 × 12 = 60 − 8 = 52 अशा एका ओळीत लिहितो. ही सवय कशी मोडावी? — एक पालक, रत्नागिरी

उत्तर : त्याच्या ओळीत 5 × 12 आणि 60 − 8 यांच्यामध्ये बरोबरचे चिन्ह आहे, म्हणजे 60 आणि 52 समान आहेत असे लिहिल्यासारखे झाले. त्याला ‘बरोबर’ म्हणजे ‘आता उत्तर आले’ असे वाटते. पुढे बीजगणितात हाच समज नडतो. त्याला पायऱ्या लिहायला सांगू नका, प्रत्येक पायरीत काय मिळाले ते लिहायला सांगा : ‘एकूण नारळ 5 × 12 = 60’ आणि त्याखाली नव्या ओळीवर ‘विकून उरलेले नारळ 60 − 8 = 52’. दिवसाला दोन उदाहरणे पुरेत, आणि ती लिहून झाल्यावर त्याने तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावीत.