जुनी सिस्टीम मोडीत काढू नका, पसारा मात्र निम्मा होईल

कोल्हापुरात रुईकर कॉलनीतल्या नव्या फ्लॅटसाठी अभिनंदन. तुमचा प्रश्न मला समजला तो असा : मंगळवार पेठेतल्या घरात वडिलांची गाणी ऐकायची सिस्टीम आहे. ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर), सीडी प्लेअर, कॅसेट डेक, टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) आणि कमरेएवढे दोन उभे स्पीकर. नव्या हॉलमध्ये आईंना हा पसारा आणि वायरींचा गुंता नकोय. मग सगळं विकून ४० हजारांत एकच वायरलेस स्पीकर घ्यावा का?

माझ्या मते स्पीकर आणि ॲम्प ठेवा, बाकीचं कमी करा. एक वायरलेस खोका घ्यायचाच असेल तर तो स्वयंपाकघरासाठी घ्या.

पहिला मुद्दा आवाजाचा नाही, टिकण्याचा आहे. वेगवेगळ्या वस्तूंच्या सिस्टीममध्ये प्रत्येक वस्तू आपापल्या गतीने म्हातारी होते. स्पीकर सगळ्यात सावकाश. त्यात बिघडण्यासारखं असतं तरी काय? कोनभोवतीची कड फोमची असेल तर ती १५-२० वर्षांत भुगा होते, पण नवी बसवून मिळते. रबराची असेल तर तीही चिंता नाही. ॲम्पचा व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते, ती बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जाते. कपॅसिटर सुकतात, रिले काळवंडतात, दोन्ही सुटे बदलता येतात. डेकचा बेल्ट सैल पडतो. ही कामं करणारे जुने मेकॅनिक आपल्याकडे अजून सापडतात, आणि एखादी बुशिंग झिजली तर उद्यमनगरात लेथवर करून घ्यायची सोय आहेच.

वायरलेस खोक्यात वाय-फाय, डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा भाग), ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत, बरेचदा चिकटवून बसवलेले. त्यातला सगळ्यात आधी जुना होणारा भाग अख्ख्या पेटीला घेऊन जातो, आणि तो भाग म्हणजे बहुधा सॉफ्टवेअर. सोनोस या वायरलेस स्पीकरच्या कंपनीने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं की त्यांच्या काही जुन्या मॉडेलना मे महिन्यापासून नवे अपडेट मिळणार नाहीत. ग्राहक भडकले, शेवटी जुन्यांसाठी वेगळं ॲप चालू ठेवावं लागलं. मार्च २०२५ मध्ये गूगलच्या दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्टचं (टीव्हीला लावायची स्ट्रीमिंगची डबी) आणि क्रोमकास्ट ऑडिओचं (तीच ॲम्प-स्पीकरसाठी) आतलं सुरक्षा प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं. जगभरची ती उपकरणं दुरुस्ती येईपर्यंत काही दिवस ठप्प होती. वस्तू ठणठणीत, पण मालकाला वापरता येईना. वडिलांच्या ॲम्पला असली तारीख कोणी घालून दिलेली नाही.

आता आवाज. इथे सरसकट उत्तर देणारे लोक चुकतात, कारण तुम्ही ऐकता काय यावर सगळं अवलंबून आहे. जुनी नाट्यपदं, आकाशवाणीवरची भावगीतं, साठच्या दशकापर्यंतची बहुतेक हिंदी-मराठी गाणी मोनोत, म्हणजे एकाच चॅनेलवर, ध्वनिमुद्रित झालेली आहेत. ज्या घराण्यामुळे आपल्या गावाचं नाव गाण्यात झालं त्या जयपूर-अत्रौलीच्या गायिका केसरबाई, मोगूबाईंच्या ७८ आरपीएमच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्याही मोनोच. हे एका खोक्यातून ऐकलं तर डावं-उजवं काही गमावत नाही, कारण मुळात ते नव्हतंच.

पण नंतरच्या स्टिरिओ मैफिली घ्या. मधे गायक, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला हार्मोनियम, मागे दोन्हीकडे पसरलेले तानपुरे. देवल क्लबच्या सभागृहात पुढच्या रांगेत बसलात तर जसं ऐकू येतं, साधारण तसं. हे चित्र उभं राहायला दोन स्पीकर सहा-आठ फूट लांब हवेत आणि तुम्ही त्यांच्यापासून तेवढ्याच अंतरावर. फूटभर रुंदीच्या पेटीत डावा-उजवा ड्रायव्हर (आवाज काढणारा कोन) ठेवला तरी ते अंतर येत नाही. कंपन्या भिंतीवरून आवाज परतवून रुंदीचा आभास करतात, आणि ऐकायला तो बरा लागतोही. फक्त तबला नक्की कुठे आहे ते कळेनासं होतं.

दुसरी गोष्ट खर्जाची. पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ७० हर्ट्झच्या आसपास वाजते, डग्ग्याची घुमही त्याच भागात येते. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, एक सोडावीच लागते. छोटे वायरलेस स्पीकर यावर डीएसपीचा, म्हणजे चिपवरून आवाज बदलण्याचा, उपाय करतात : हळू आवाजात खर्ज मुद्दाम फुगवतात आणि आवाज वाढवला की ड्रायव्हर फाटू नये म्हणून तोच खर्ज गुपचूप कापतात. म्हणून दुकानात हळू वाजताना ‘लई भारी’ वाटलेला स्पीकर घरी पाहुणे जमल्यावर पातळ वाटतो. वॅटच्या आकड्यांवर जाऊ नका. एकेकाळी आपल्या बाजारात पत्र्याच्या डब्यावर हजार वॅट पीएमपीओ (क्षणभराचा फुगवलेला आकडा) लिहून विकायचे, तो उद्योग नव्या रूपात चालूच आहे. तुमच्या उभ्या स्पीकरना हॉलमध्ये नेहमीच्या आवाजासाठी दोन-चार वॅट पुष्कळ झाले.

टर्नटेबलबद्दल तुम्ही फक्त ओझरतं लिहिलंय, पण अडचण तिथेच येणार आहे. सुई बसवलेल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट सिग्नल निघतो, आणि रेकॉर्ड कापताना खर्ज दाबून वरचे स्वर उचललेले असतात. ते सरळ करायला फोनो स्टेज नावाचं सर्किट लागतं. वडिलांच्या ॲम्पवर ‘फोनो’ लिहिलेलं सॉकेट असेल तर ती आतच आहे. वायरलेस स्पीकरमध्ये ती सहसा नसते, बऱ्याच मॉडेलना तर ऑक्सचं, म्हणजे बाहेरून वायर जोडायचं, भोकही नसतं. ॲपलच्या होमपॉडला मागे विजेच्या वायरीशिवाय काहीच नाही, आणि अँड्रॉइड फोनवरून त्यावर थेट ब्लूटूथनेही गाणं पाठवता येत नाही. तेव्हा रेकॉर्डी ऐकायच्या असतील तर ॲम्प विकायचा विचार सोडा.

मग पसारा कमी कसा करायचा? स्पीकर सोडले तर जास्त जागा खातात डेक आणि सीडी प्लेअर. कॅसेटमध्ये घरगुती मुद्रण असेल, वडिलांचा आवाज, एखादी खासगी बैठक, तर ते आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मग डेक माळ्यावर टाका. सीडी लॅपटॉपवर एफएलएसी स्वरूपात उतरवा. आवाजातलं काही जात नाही, आणि सगळा संग्रह एका छोट्या ड्राइव्हवर मावतो. त्या दोघांच्या जागी ॲम्पच्या मागे तळहाताएवढा स्ट्रीमर, म्हणजे वाय-फायवरून गाणी घेऊन ॲम्पला देणारी डबी, लावा. वीम कंपनीचे मिळतात. हौस असेल तर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर व्हॉल्युमिओ हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर टाकून स्वतः करा, वर बसणारं डॅकचं कार्ड (डॅक हॅट) घेतलात तर चांगलंच. फोनवरून सगळं चालतं, म्हणजे तुम्हाला हवी असलेली वायरलेसची सोय आली. उद्या स्ट्रीमरचं सॉफ्टवेअर बंद पडलं तर तेवढीच डबी बदलायची.

ॲम्पही फार मोठा वाटत असेल तर स्ट्रीमर आणि ॲम्प एकत्र असलेली पेटी येते. वीम ॲम्पला ८ ओहमवर चॅनेलमागे ६० वॅट आहेत आणि टीव्हीचा आवाज घ्यायला एचडीएमआय एआरसी सॉकेट आहे, पण फोनो नाही, ती वेगळी घ्यावी लागेल. वायरींचं म्हणाल तर फर्निचरवाला अजून काम करतोय तोवरच भिंतीतून पाइप टाकून घ्या. आईंची अर्धी तक्रार तिथेच मिटेल.

इतकं करूनही उभे स्पीकर हॉलमध्ये मावतच नसतील तर एक खोका न घेता वायरलेस जोडी घ्या. केईएफची एलएसएक्स २ या जातीची आहे, बजेटमध्ये मात्र बसणार नाही. एडिफायरच्या ॲम्प आत असलेल्या जोड्या बसतील. घेताना दुकानदाराला वाय-फाय बंद करायला सांगा आणि साध्या केबलने वाजतोय का ते बघा. मग आवाज अर्ध्याच्या वर नेऊन तानपुरा ऐका. नुसत्या ब्लूटूथवर निर्णय घेऊ नका. त्याचा साधा एसबीसी कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) साधारण ३२८ केबीपीएसपर्यंत (सेकंदाला किलोबिट) जातो, सीडीचा मूळ प्रवाह १४११ चा असतो. वाय-फायवर ही अडचण नाही, आणि मधे फोन आला म्हणून गाणंही तुटत नाही.

स्वयंपाकघरातला खोका मात्र जरूर घ्या, सकाळची भक्तिगीतं आणि बातम्या यासाठी त्यासारखी सोय नाही. त्याला पाच-सात हजारांपेक्षा जास्त घालू नका, आणि बॅटरीवाला नको, सतत चार्जिंगला राहून दोन-चार वर्षांत बॅटरी बसते.

सामान हलवताना टर्नटेबलचा हात क्लिपने अडकवा, सुईवर झाकण घाला, वरची थाळी काढून वेगळी बांधा. रेकॉर्डी खोक्यात उभ्याच ठेवा, टेम्पोत आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात. नव्या घरी टर्नटेबल आणि स्पीकर एकाच फळीवर ठेवू नका, नाहीतर आवाज वाढवला की घूं घूं सुरू होईल. ॲम्पचं मॉडेल आणि मागच्या बाजूचा फोटो टाका, म्हणजे फोनो आहे का आणि स्ट्रीमर कुठल्या सॉकेटला लावायचा ते सांगतो.