स्नायू नक्की कुठला?

प्रश्न असा आला आहे: "सदाशिव पेठेत राहून नीटची तयारी करते आहे. आमच्या मराठी पुस्तकात स्नायू म्हणजे मसल. खोलीतली बंगाली मैत्रीण म्हणते, स्नायु म्हणजे नर्व्ह. आयुर्वेद शिकणारा दादा म्हणतो, लिगामेंट. बरोबर कोण?"

तिघेही. पण मूळ अर्थ विचाराल तर दादाचं पारडं जड. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मांसाच्या गोळ्यांना 'पेशी' म्हटलंय, त्या 500. स्नायू वेगळे, 900. फळ्या दोऱ्यांनी नीट आवळलेली नाव जसा पाण्यात भार पेलते, तसं स्नायूंनी बांधलेलं शरीर पेलतं, असा तिथला दृष्टान्त. म्हणजे स्नायू ही बांधायची दोरी. आज मराठीत पेशी म्हणजे सेल आणि स्नायू म्हणजे मसल, म्हणून आपण खुशाल 'स्नायुपेशी' लिहितो. सुश्रुत चक्रावलाच असता!

बंगालीनंही काही आगळीक केलेली नाही. ग्रीक 'न्यूरॉन' शब्दाचा अर्थही आधी कंडरा, म्हणजे टेंडन, असाच होता, मज्जातंतू म्हणजे नर्व्ह नंतर. शरीर उघडून पाहणाऱ्याला दोन्ही पांढऱ्या दोऱ्याच दिसणार.

परीक्षेत मात्र पुस्तकाचंच ऐका. हाडाला हाड बांधतो तो अस्थिबंध, म्हणजे दादाचं लिगामेंट; स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा. सिंहगड चढताना पोटरीचा स्नायू आकसतो, टाचेमागची कंडरा ताणली जाते आणि टाच उचलते. स्नायूला ओढता येतं, ढकलता येत नाही. त्यामुळे पाऊल पुन्हा वर घ्यायला नडगीपुढचा दुसरा स्नायू लागतो. गडावरून आल्यावर पोटरीत गोळा आला की आपण 'शीर चढली' म्हणतो. खरं तर आखडलेला असतो स्नायू. पण बोलीतली शीर अशीच ऐसपैस आहे. पायामागच्या जाड कंडरेलाही जुना शब्द धोंडशीर.

आणि मसल? लॅटिन 'मुस्कुलुस', म्हणजे छोटा उंदीर. त्यांना कातडीखाली उंदीर हललेला दिसला, आपल्याला बेडकी. दंड फुगवणाऱ्या पोराला तालमीत 'बेटकुळी काढून दाखव' असंच म्हणतात. 'द्विशिरस्क स्नायूचं आकुंचन कर' म्हणालात तर तो बिचारा कपडे करून घरी जाईल.