नणंदेच्या मांजरीला खरूज म्हणाले, आता काय करू?

प्रश्न : ताई, माझी नणंद अंधेरीला राहते. तिने नुकतंच मांजर आणलंय म्हणून बघायला गेले तर दारातच दचकले. कान वटवाघळासारखे, अंगावरचे केस पिळून तसाच वाळलेल्या टॉवेलसारखे, मिश्या जळून आखडल्यासारख्या आणि पोटावर जवळजवळ काहीच नाही. मी पटकन बोलून गेले, अगं हिला खरूज झालीये, डॉक्टरला दाखव. तर म्हणते, वहिनी ही डेव्हन रेक्स आहे, तुमच्या स्कूटीएवढे पैसे मोजलेत! तेव्हापासून घरात सगळे मला खरूज-स्पेशालिस्ट म्हणतात. खरंच अशी जात असते का तिला कोणी गंडवलंय?
– एक वहिनी, मुलुंड

उत्तर : वहिनी, आधी पोटभर हसून घेतलं, सॉरी. जात खरी आहे हो. तुम्ही जे जे सांगितलंत ना, कान, मिश्या, विरळ पोट, तीच तिची ओळख.

गोष्ट इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातली, साधारण १९६० ची. बकफास्टली गावाजवळ एक बंद पडलेली कथलाची खाण होती आणि तिथे एक कुरळ्या केसांचा भटका बोका फिरायचा. बेरिल कॉक्स म्हणून एक बाई जवळच राहायच्या, त्यांच्या बागेत एक भटकी मांजर व्यायली आणि पिल्लांत एक काळपट तपकिरी बोका निघाला, अगदी त्या खाणीवाल्यासारखा कुरळा. त्याचं नाव कर्ली. बाईंनी तो हौसेने पाळला, बस, एवढंच. पण मग पेपरात बातमी आली कॉर्नवॉलच्या कुरळ्या मांजरांची, म्हणजे शेजारच्याच परगण्यातली, तिथे १९५० मध्ये कॅलिबंकर नावाचा असाच एक बोका जन्मला होता आणि त्याचं खानदान लोक मोठ्या कौतुकाने वाढवत होते. बाईंनी लगेच कळवलं, असला एक माझ्याकडेही आहे.

ब्रीडर खूश झाले, कर्लीला विकत घेतलं आणि कॉर्नवॉलच्या कुरळ्या माद्यांशी त्याची जोडी लावली. पिल्लं झाली ती सगळी सरळ केसांची! दोन्हीकडे कुरळे आणि पोटी एकही कुरळं नाही, मला तर ही सगळ्यात भारी गंमत वाटते. कारण असं की कुरळेपणा दोन्हीकडे होता पण जीन वेगवेगळे, आणि दोन्ही दबून राहणारे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून तोच जीन आला तरच केस कुरळे होणार. इथे बापाने एक दिला, आईने भलताच दिला, मग दोन्ही गप्प बसले. तेव्हा कळलं की ही वेगळीच जात आहे, आणि १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये तिला कॉर्निश रेक्सपासून, म्हणजे कॉर्नवॉलच्या त्या कुरळ्या मांजरांपासून, वेगळी मान्यता मिळाली. (आता कर्लीची आई साध्या केसांची, तरी पिल्लू कुरळं, म्हणजे तीही त्या खाणीवाल्या बोक्याच्याच नात्यातली असणार.) आपल्या ससून डॉकच्या गर्दीतही एखादं कुरळं पिल्लू जन्मून गेलं असेल, पण कोलंबी सोलायची सोडून त्याच्याकडे बघतंय कोण?

२०१० मध्ये संशोधकांनी तो जीन शोधला, केआरटी७१. केसाच्या मुळाशी जे केराटिन नावाचं प्रोटीन लागतं त्याचा हा जीन, तो बिघडला की केस कमजोर उगवतो, वळतो, तुटतो, मिश्यासुद्धा. ते बिनकेसांचं स्फिंक्स मांजर असतं ना, त्याच्यातही हाच जीन बिघडलेला असतो, फक्त वेगळ्या जागी. तेव्हा वहिनी, रोग नव्हता पण तुमची नजर काही अगदीच चुकलेली नाही.

नणंदेला एवढं सांगा. केस विरळ म्हणून हिला थंडी लवकर वाजते, एसी अठरावर असेल तर ती राउटरवर नाहीतर फ्रीजवर जाऊन बसेल, आणि उड्या मारण्यात ही जात पटाईत आहे त्यामुळे वरचं काचसामान हलवा. कानात तपकिरी मळ साचतो तो पुसायचा. त्वचा तेलकट, त्यात यीस्ट वाढायची सवय, आपल्या जून-जुलैच्या चिकचिकाटात तर जास्तच लक्ष हवं. गोल चट्टा पडला, कोंडा दिसला, सारखी खाजवायला लागली तर मात्र ‘जातच तशी आहे’ म्हणून बसू नका, ते गजकर्ण असू शकतं आणि ते माणसांनाही होतं.

आणि ब्लड ग्रुप तपासून ठेवा, हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगते. भटक्या मांजरांत सहसा ए ग्रुप असतो, डेव्हन रेक्समध्ये बी बऱ्यापैकी सापडतो, आणि बी वाल्या मांजरीला ए चं रक्त चढवलं तर ती दगावू शकते. रात्री दोन वाजता धावपळ करण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

प्रश्न : नवऱ्याला मांजराची अ‍ॅलर्जी आहे, केस कमी असलेली जात घेतली तर चालेल ना?
– एक वाचक, प्रभादेवी

उत्तर : विकणारे असंच सांगतात. पण शिंका मुळात केसांमुळे येतच नाहीत, मांजराच्या लाळेत आणि त्वचेच्या ग्रंथींत फेल डी वन नावाचं प्रोटीन असतं, बहुतेकांना त्याचा त्रास होतो. मांजर अंग चाटतं, ते वाळतं, घरभर उडतं. कुरळ्या मांजरालाही जीभ असतेच की. पैसे मोजण्याआधी नवऱ्याला अशी मांजर असलेल्या घरी दोन-तीन वेळा तासभर बसवून बघा, सोबत रुमाल द्या. अंधेरीच्या नणंदबाई हो म्हणत असतील तर उत्तमच, फक्त तिथे खरजेचा विषय काढू नका.