हौशी गोल्फ लीगमध्ये कोणालाही १८ च्या वर हँडिकॅप देऊ नये, हा नियम योग्य आहे का?

तुमच्या प्रश्नातलं ‘आम्हा सगळ्यांनाच संशय आहे’ हे वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. तुम्ही लिहिलंय की लीगमधले २६ हँडिकॅपचे (म्हणजे ज्यांना सवलतीचे २६ स्ट्रोक, फटके, मिळतात असे) एक गृहस्थ लागोपाठ दोन फेऱ्या जिंकले, ते मुद्दाम हँडिकॅप चढवून ठेवतात असं बाकीच्यांचं मत झालं आणि म्हणून पुढच्या मोसमापासून १८ ची मर्यादा घालायचा ठराव येतोय. अगदी हाच ठराव आमच्या लीगमध्येही आला होता. ज्या बाईमुळे तो आला, ती मी.

मर्यादा घालू नका, हे माझं उत्तर.

मी बडोद्याची. बँकेतून निवृत्त झाल्यावर गोल्फ खेळायला लागले. त्याआधी कित्येक वर्षं नवरा रविवारी पहाटे जायचा आणि मी झोपून राहायचे. आमच्या शहरात राजवाड्याच्या आवारातच गोल्फ कोर्स आहे, त्यामुळे खेळ परका नव्हता, पण ‘हे आपलं नाही’ असं डोक्यात पक्कं बसलं होतं. ज्या कॅडीने (काठ्यांची पिशवी उचलून सोबत चालणाऱ्याने) मला शिकवलं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘बेन, सीधुं मारो, लांबुं नहीं.’ तेवढंच मी आजवर करत आले. माझा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या काठीचा फटका, फार तर दीडशे यार्ड जातो, पण फेअरवे (मधला आखूड गवताचा पट्टा) सोडत नाही.

आमची लीग म्हणजे मित्रमंडळींची. चौघांचे गट, महिन्यातून एक फेरी, कधी बडोद्यात, कधी एक्स्प्रेसवेने अहमदाबादच्या बाजूला. ज्या दिवसाची गोष्ट सांगतेय ती तिकडच्या एका कोर्सवरची. पाऊस नुकताच संपलेला, फेअरवे मऊ, ग्रीन (कपाभोवतीची हिरवळ) धीमे. माझा इंडेक्स, म्हणजे अधिकृत हँडिकॅपचा आकडा, २४.६ होता. आमच्या पुढच्या टीजचं (पहिला फटका जिथून मारतात त्या जागांचं) कोर्स रेटिंग ७०.१, स्लोप ११८ (दोन्ही कोर्स किती अवघड ते सांगणारे आकडे), पार, म्हणजे अपेक्षित फटके, ७२. हिशेब केला तर कोर्स हँडिकॅप (त्या कोर्सवर मिळणारे स्ट्रोक) २४ येतो आणि स्टेबलफोर्डसाठी, म्हणजे प्रत्येक होलला गुण देणाऱ्या पद्धतीसाठी, ९५ टक्के धरून २३. म्हणजे प्रत्येक होलला एक स्ट्रोक आणि सगळ्यात अवघड पाच होलना दोन.

त्या दिवशी सगळं जुळून आलं. पहिल्या होलला ग्रीनच्या बाहेरून केलेला चिप दांडीला लागून आत पडला आणि तिथून हात मोकळा झाला. एरवी मी ग्रीनवर तीन पट (कपाकडे ढकलायचे हलके फटके) घेते, त्या दिवशी लांबलांबचे पट कपाच्या काठाशी जाऊन थांबत होते. चौदाव्याला दोन बॉल पाण्यात गेले, मी बॉल उचलला, शून्य गुण. स्टेबलफोर्डमध्ये असा एक होल बुडाला तरी फेरी बुडत नाही. फ्रँक स्टेबलफोर्ड नावाच्या डॉक्टरांनी १९३२ साली इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबवर ही पद्धत स्पर्धेत आणली, ती आमच्यासारख्यांना शेवटपर्यंत खेळत ठेवण्यासाठीच. मला ४३ गुण मिळाले. दुसऱ्या नंबरला ३८ होते.

बक्षीस समारंभाला माईक ज्यांच्या हातात होता ते माझ्या नवऱ्याचे जुने मित्र. आमच्या घरी शेकडो वेळा जेवलेले, मला वहिनी म्हणणारे. हँडिकॅप ९. माझं नाव पुकारून ते म्हणाले, ‘वहिनी, आता तरी खरा हँडिकॅप सांगा.’ लोक हसले. मी ट्रॉफी घेतली आणि जागेवर येऊन बसले. जेवताना दोघा-तिघांनी तेच वाक्य पुन्हा वापरलं. परतीच्या वाटेवर गाडीत नवरा म्हणाला, ‘त्याचा स्वभावच तसा आहे, सोडून दे.’ मी सोडलं नाही. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब पैशापर्यंत जुळवला तिला चारचौघांत खोटारडी म्हटलं, तर ते सोडून द्यायचं नसतं.

आणि गंमत म्हणून बोललं गेलं असंही नव्हतं, कारण पंधरा दिवसांत ठराव आला: पुरुषांना १८, बायकांना २४ ही कमाल मर्यादा. मग चर्चेत बायकांचीही १८ वर आणली, ‘सगळ्यांना समान न्याय’ म्हणून.

आता त्या फेरीनंतर काय झालं ते बघा. माझा त्या दिवसाचा डिफरन्शियल (कोर्सची अवघडता धरून काढलेला फेरीचा आकडा) निघाला १७.१. इंडेक्सपेक्षा साडेसात स्ट्रोक कमी. जागतिक हँडिकॅप पद्धतीत, म्हणजे २०२० पासून लागू झालेल्या पद्धतीत, फरक ७ ते ९.९ असेल तर इंडेक्समधून आपोआप आणखी १ कापला जातो, १० किंवा जास्त असेल तर २. कोणी अर्ज करावा लागत नाही, कोणी माईकवरून बोलावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी ॲप उघडलं तेव्हा माझा इंडेक्स २४.६ वरून २२.७ वर आलेला होता. पुढच्या फेरीला माझे दोन स्ट्रोक गेले. त्या फेरीत मला २९ गुण मिळाले. त्याची आठवण कोणी काढत नाही.

या पद्धतीत वर चढायलाही लगाम आहे. गेल्या बारा महिन्यांतल्या तुमच्या सगळ्यात कमी इंडेक्सपेक्षा ३ ने वर गेलात की पुढची वाढ निम्मी होते आणि ५ च्या पलीकडे जाताच येत नाही. त्यामुळे ‘मुद्दाम वाईट खेळून हँडिकॅप २० चा ३० केला’ हे वर्षभरात करून दाखवणं जवळजवळ अशक्य आहे.

जास्त हँडिकॅपवाला जिंकला की लोकांना लबाडी दिसते, त्याचं साधं कारण असं. इंडेक्स हा शेवटच्या २० डिफरन्शियलमधल्या सगळ्यात चांगल्या ८ ची सरासरी असतो. तो तुमचा नेहमीचा खेळ सांगत नाही, चांगल्या दिवसाचा खेळ सांगतो. आपल्या हँडिकॅपइतकं खेळणं कोणालाही साधारण पाचातून एकदाच जमतं. पण ५ हँडिकॅपचा माणूस चांगल्या दिवशी दोन-तीन स्ट्रोकने सुधारतो आणि वाईट दिवशी चार-पाचने बिघडतो. २५ वाल्याच्या चांगल्या आणि वाईट दिवसात याहून बरंच जास्त अंतर असतं. तेव्हा पंचवीस-तीस जणांच्या स्पर्धेत पहिला नंबर वरच्या हँडिकॅपमधून येणार हे उघड आहे, कारण त्यातल्या कोणाचा ना कोणाचा तो दिवस असतोच. दोघं समोरासमोर खेळले तर मात्र पारडं थोडं कमी हँडिकॅपवाल्याकडेच झुकतं. मोठ्या स्पर्धेसाठी १०० ऐवजी ९५ टक्के धरतात ते याच विचाराने. म्हणजे ज्या गोष्टीवर तुम्ही नवा नियम करायला निघालात तिचा विचार आधीच झालेला आहे.

आमच्या त्या माईकवाल्या भाऊजींचं दुसरं वाक्य असायचं, ‘तुम्ही पुढच्या टीवरून मारता, वर स्ट्रोकही घेता.’ हे आमच्या जेवणाच्या टेबलावर किती वर्षं चाललंय. पुढच्या टीजचं रेटिंग वेगळं असतं, बायकांसाठी वेगळं काढलेलं असतं, आणि माझे २४ हे त्याच टीजवरून, त्याच रेटिंगवर झालेले आहेत. मी पुढून मारते याची किंमत हिशेबात आधीच वजा झालेली आहे. हे त्यांना मी कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद बाजूला सारून भाजी वाढायला सांगितली.

आता त्यांच्या ९ बद्दल बोलते, कारण कोणत्याही लीगमध्ये खरा बिघाड बहुतेक वेळा तिथे असतो. हँडिकॅप हे पासबुक आहे; ज्या नोंदी केल्या त्यांचीच शिल्लक दिसते. मित्रांबरोबरच्या फेरीत पहिल्या टीवर मलिगन (न मोजता पुन्हा मारलेला फटका), तीन फुटांचा पट ‘गिमी’ म्हणून, म्हणजे गेलाच असं धरून, उचललेला, रफमधला (लांब गवतातला) बॉल कॅडीने पायाने फेअरवेकडे सरकवलेला. शोधायला तीन मिनिटं असतात, तिथे दहा मिनिटांनी बॉल ‘सापडतो’. अशा फेरीत ८१ झाले की कार्ड भरायचं आणि ९३ झाले की ‘आज नुसता सराव होता’. त्यातून तयार होतो ९. मग लीगच्या दिवशी प्रत्येक पट कपात घालावा लागतो, मार्कर, म्हणजे कार्ड लिहिणारा, रोजच्या मित्रांपैकी नसतो, आणि ९ वाला माणूस ९० मारतो. त्याचे स्टेबलफोर्डचे गुण येतात २७. तो स्वतःचं कार्ड बघत नाही, माझ्या कार्डाकडे बघतो. कॅडींना हे सगळं माहीत असतं. कोणाचा ९ खरा आणि कोणाचा १४ आहे हे कुठल्याही कोर्सवरचा कॅडी बिनचूक सांगेल, पण त्याला कोणी विचारत नाही.

हँडिकॅप चढवून ठेवणाऱ्याला सगळे चोर म्हणतात आणि प्रतिष्ठेसाठी उतरवून ठेवणाऱ्याला चांगला खेळाडू म्हणतात. माझ्या मते दोन्ही खोटी कार्डंच आहेत. दुसऱ्याने बक्षीस नेलं नाही एवढ्यावरून तो प्रामाणिक ठरत नाही. फोरबॉलमध्ये, म्हणजे जोडीजोडीने खेळायच्या स्पर्धेत, त्याच्या जोडीदाराचा मोसम त्याच्यामुळे वाया जातो, ते वेगळंच.

‘खरं बक्षीस ग्रॉसचं, नेट म्हणजे सवलत’ असंही भाऊजी म्हणायचे. ग्रॉस म्हणजे मारलेले सगळे फटके, नेट म्हणजे त्यातून हँडिकॅप वजा करून. ग्रॉसची ट्रॉफी आमच्याकडे पहिल्या वर्षापासून आहे. ती दर वेळी तीन-चार हँडिकॅपची तरुण मुलं नेतात आणि ती त्यांचीच आहे, मला त्यात वाटा नको. नेट स्पर्धेत प्रश्न वेगळा विचारला जातो: तुम्ही आज तुमच्या स्वतःच्या चांगल्या खेळाच्या तुलनेत कसे खेळलात? त्या प्रश्नाला ६७ वर्षांचे काका आणि पंचविशीतला पोरगा एकाच तक्त्यात उत्तर देऊ शकतात. असं करता येणारे खेळ फार थोडे आहेत.

१८ ची मर्यादा घातल्यावर काय होतं ते आमच्याकडे एक मोसम बघितलं. माझे २२ स्ट्रोक मिळायचे तिथे १८ मिळाले. नेहमीच्या दिवशी माझे ३१-३२ गुण होतात, ते २७-२८ वर आले. पहिला बॉल मारण्याआधीच मी चार गुण मागे. पण माझं सोडा. ज्यांनी वर्षभरापूर्वी खेळ सुरू केला होता, ज्यांचा इंडेक्स ३०-३५ होता, ते दोन फेऱ्यांनंतर यायचे बंद झाले. हळूहळू वयस्कर मंडळी गेली, मी सोडून सगळ्या बायका गेल्या. शेवटी तेच दहा-बारा जण आपसात खेळत राहिले आणि कोर्सला द्यायचे पैसे माणशी वाढले, तेव्हा ठराव गुपचूप मागे घेतला गेला. नव्या पद्धतीत सगळ्यांसाठी कमाल इंडेक्स ५४ ठेवलाय, त्याआधी अमेरिकेत पुरुषांना ३६.४ आणि बायकांना ४०.४ होता. जग मर्यादा वर नेतंय आणि आपण ती १८ वर आणायची?

आता तुमच्या गृहस्थांबद्दल. मला ते माहीत नाहीत आणि लागोपाठ दोनदा जिंकणं हे एकदा जिंकण्यापेक्षा जास्त तपासण्यासारखं आहे, हे मान्य करते. मुद्दाम हँडिकॅप चढवणारे लोक असतात, मीही एक पाहिलाय. ओळखायची रीत सोपी आहे: त्यांच्या शेवटच्या २० नोंदी काढा आणि स्पर्धेतले डिफरन्शियल एका बाजूला, मित्रांबरोबरच्या फेऱ्यांचे दुसऱ्या बाजूला लिहा. स्पर्धेतले सातत्याने चार-पाचने कमी असतील आणि मधल्या कितीतरी फेऱ्यांची कार्डंच भरलेली नसतील, तर हँडिकॅप समितीला इंडेक्स खाली आणण्याचा अधिकार आहे. त्या माणसाला आधी समोर बसवून विचारायचं, मग कमी करायचं. बक्षीस समारंभात नाही. दोन्हीकडचे आकडे सारखेच असतील, तर ते चांगले खेळले, अभिनंदन करा.

तुमच्या लीगमध्ये हँडिकॅप अजून कोणीतरी अंदाजाने वहीत लिहून ठेवत असेल, तर मी वर लिहिलेलं निम्मं लागू पडणार नाही. आधी सगळ्यांचे अधिकृत इंडेक्स काढून घ्या. आणि वरच्या-खालच्या हँडिकॅपवाल्यांनी एकाच ट्रॉफीसाठी भांडायला नको असेल, तर नेटचे दोन विभाग करा, १५ पर्यंत एक आणि त्यावर एक. आमच्याकडे आता तसंच आहे.

पण नोंदी मागवाल त्या एकट्या त्या गृहस्थांच्या मागवू नका. सगळ्यांच्या मागवा, ज्यांनी ठराव आणलाय त्यांच्या पहिल्यांदा. आमच्याकडे मी तशी लेखी मागणी केली होती. माझ्या नोंदी सोबत जोडल्या होत्या. त्यांच्या अजून आलेल्या नाहीत.