मशीन विकू नको, परकर शिवणं सोड

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. मी जळगावला राहते, माहेर अमळनेरचं. पतसंस्थेत कामाला आहे, भुसावळला रोजचं अपडाऊन, घरी यायला सात वाजतात. मिस्टर एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात, शिफ्ट ड्युटी. मुलगी 6 वर्षांची, मुलगा 2 चा, सासूबाई सोबत आहेत पण त्यांचे गुडघे दुखतात. आईने आमचे सगळे कपडे घरी शिवले, बाहेरचं खाणं आम्हाला माहीतच नव्हतं, मलापण तसंच करायचं होतं म्हणून लग्नात पायमशीन आणली. रोजचे कपडे मात्र सेलमधून रेडीमेडच आणते, त्याला वेळ कुठे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकीसाठी जरीचं परकर-पोलकं शिवायला घेतलं, रात्री एक-एक वाजेपर्यंत बसले, मुलाला ताप होता, गॅसवरचं वरण करपलं आणि सकाळी ती म्हणे मला टोचतंय, मला दुकानातला फ्रॉक पाहिजे. मी खूप रागावले, हातपण उचलला. जाऊबाई मायलेकींचे मॅचिंग ड्रेस शिवून स्टेटसला टाकतात. मिस्टर म्हणतात तुला कोणी सांगितलं होतं शिवायला. सासूबाई म्हणतात आम्ही पाच पोरांचं केलं. आठवड्यातून एकदा शेवभाजीचं पार्सल येतं तेव्हा चोरी केल्यासारखं वाटतं. मशीन ओएलएक्सवर टाकू का? स्वयंपाकाचं कसं करू? आणि त्या परकराचं काय करू तेपण सांगा."

अगं, मशीनचं आधी सांगते, विकू नको. जुन्या पायमशीनला कोणी फार पैसे देत नाही आणि पुढच्या वर्षी तुलाच ती पाहिजे असणार आहे. पण तिच्यावर तू जे शिवतेस ते बदल.

तुझं पत्र परत परत वाचलं तर मला एकच गोष्ट दिसते, तू सगळं उलटं धरलंय. जो कपडा लेकरू वर्षातून एकदा दोन तास घालणार, त्यासाठी तू रात्र जागतेस, आणि जो रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत अंगाला लागतो तो तू सेलमधून उचलतेस. स्वयंपाकात पण मला वाटतं तेच होत असणार, सणाला सगळं घरी झालंच पाहिजे म्हणून जीव काढायचा आणि रोजच्या जेवणाच्या वेळी अंगात त्राण नाही. तर माझं म्हणणं, रोजचं हाताने कर आणि सणाचं खुशाल विकत घे किंवा शिंप्याकडे टाक.

का म्हणते ते ऐक. आपल्याकडे जळगाव-भुसावळला एप्रिल-मे मध्ये पारा 44-45 ला जातो, आणि दुकानातले लहान मुलांचे स्वस्तातले फ्रॉक बघ, वरून नेट, आत पॉलिस्टरचं अस्तर, काखेत जाड शिवण, कॉलरला लेबल. पॉलिस्टर घाम शोषत नाही, मग मानेवर काखेत घामोळं येतं आणि आपण पावडर लावत बसतो. साधा सुती, बिनबाह्यांचा, पुढे खिसा असलेला फ्रॉक तुला बाजारात सहजासहजी मिळणार नाही, आणि तोच शिवायला सगळ्यात सोपा आहे. म्हणजे जिथे तुझ्या हाताची खरी गरज आहे तिथे काम कमी आहे, आणि तू मात्र जरीला अस्तर लावत बसली होतीस.

आता कसं करायचं. लेकीचा जो फ्रॉक तिला आता नीट बसतो तो जमिनीवर पसरून ब्राऊन पेपरवर त्याचा आकार काढ, बाजूला शिवणीसाठी पाऊण इंच माया धर, कापून घे, त्यावर तारीख लिही. हे माप एकदा झालं की तेच वापरायचं. कापड घ्यायला फुले मार्केटला जाशील तेव्हा तिला सोबत ने आणि 2-3 सुती प्रिंट समोर ठेवून त्यातलं एक तिला निवडू दे, तिने स्वतः निवडलेला फ्रॉक ती घालणार नाही असं फार क्वचित होतं. 36 इंच पन्ह्याचं दीड मीटर भरपूर होतं, उरलेल्यात खिसा आणि गळ्याची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी निघते. कापड आणलं की कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजव आणि सावलीत वाळव, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि मग शिवलेला फ्रॉक वर चढतो, शिवाय रंग जाणार असेल तर तोही आधीच कळतो. खालच्या दुमडीला 3 इंच सोड. या वयाची मुलं वर्षाला साधारण 5-6 सेंटीमीटर वाढतात, म्हणजे दोन-अडीच इंच, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात दुमड उसवून खाली सोडली की तोच फ्रॉक अजून एक वर्ष जातो, जुन्या दुमडीची रेघ दिसली तर वरून लेस मारायची. पॉपलीनला 14 नंबरची सुई लाव, मलमल असेल तर 11.

आणि एका बैठकीत पूर्ण करायचा हट्ट अजिबात धरायचा नाही. एका दिवशी फक्त कापायचं, गुंडाळून पिशवीत ठेवायचं. दुसऱ्या कधी मुलगा झोपला की खांदे आणि बाजू, मग कधीतरी गळा. तारीख ठरवून शिवायला बसलीस की आखाजीच्या रात्रीसारखंच होणार, रोजच्या कपड्याला तारीख नसते हीच त्याची मजा आहे.

मुलाला तर याहून सोपं. आईच्या जुन्या सुती साडीतून त्याची झबली आणि इलास्टिकच्या चड्ड्या काढ, धुऊन धुऊन मऊ झालेलं ते कापड नवीन कापडापेक्षा चांगलं. इलास्टिक पाऊण इंच रुंद आणि मऊ घे, कमरेच्या मापापेक्षा 2 इंच कमी ठेव, बारीक घट्ट इलास्टिकने पोटावर वळ उठतात. गळ्याला नाडी ठेवायची नाही, कुठेतरी अडकली तर गळा आवळू शकतो. बटणं लावलीस तर दुहेरी दोऱ्याने पक्की लाव, या वयात ती तोंडात जातात. आणि काम झालं की मशीनच्या चाकावरचा पट्टा उतरवून ठेव, 2 वर्षांचं पोर पायडल हलवतंच आणि दुसरा हात चाकात असतो. टाचण्या मोजून डबीत.

आता ते हात उचलल्याचं. हे तू लिहिलंस ते बरं केलंस कारण तुला मनातून तेच जास्त खुपतंय, परकर नाही. लेकीला जवळ घेऊन सरळ सांग की तुला टोचत होतं ते तू खरं बोललीस आणि मी मारायला नको होतं. सहा वर्षांच्या पोरीला एवढं बरोबर समजतं. पण त्यापुढे "मी तुझ्यासाठी किती जागले" हे लावायचं नाही, ते ओझं तिचं नाही. तिने तुला जागायला सांगितलं नव्हतं. मिस्टरांचं वाक्य तुला लागलं हे कळतं मला, बोलायची पद्धत चुकीचीच होती, पण कोणी मागितलेलं नसताना आपण एवढं का ओढून घेतो हा प्रश्न शांतपणे स्वतःला एकदा विचारून बघ. तुझ्या आईने शिवलं तेव्हा ती घरी होती की नोकरीला, हेही आठव.

तसंच सासूबाईंचं. त्यांनी पाच पोरांचं केलं हे खरंच आहे आणि त्याचा मान ठेव, पण त्या काळी दिवाळीला कापडाचं एक ठाण यायचं आणि सगळ्या भावंडांचे कपडे त्यातूनच निघायचे, मोठ्याचं धाकट्याला जायचं, घरात जावा-नणंदा हाताखाली असायच्या. त्यांच्याशी वाद घालू नको. गुडघे दुखतात म्हणजे हात दुखत नाहीत, त्यांना खुर्चीवर बसून मेथी निवडायला, लसूण सोलायला, फ्रॉकची तुरपाई करायला दे. हाताची तुरपाई त्या पिढीइतकी सुबक आपल्याला जमत नाही, हे त्यांच्यासमोर बोलून दाखव. मला वाटतं "आम्ही केलं" म्हणणाऱ्या बाईला बऱ्याचदा अजूनही काहीतरी करायचं असतं.

जाऊबाईंचं स्टेटस म्यूट कर. त्यावर यापेक्षा जास्त बोलायची गरज नाही.

स्वयंपाक. तू सात वाजता येतेस, सव्वाआठला पोरांना झोप यायला लागते, म्हणजे तुझ्या हातात तासभर आहे, त्यात रोज पोळी-भाजी-वरण-भात चारही करायचं हे गणित बसतच नाही. रविवारी फक्त दोन कामं कर. एक म्हणजे वाटण, कांदा आणि सुकं खोबरं चांगलं खरपूस भाजून, लसूण-आलं-कोथिंबीर घालून, शक्यतो पाणी न घालता वाटायचं आणि तेलात परतून डब्यात भरायचं. फ्रीजमध्ये 4-5 दिवस आरामात राहतं. काळा मसाला त्यात घालू नको, तो भाजीत वरून घाल, म्हणजे पोरांचं आधी वाटीत काढून मग मोठ्यांसाठी तिखट करता येतं. त्या एका वाटणात मटकी होते, वांग्याची रस्साभाजी होते, अंड्याची होते, आणि शेव आणून ठेवली असली तर शेवभाजी पण 15 मिनिटात होते, शेव मात्र ताटात वाढताना घालायची, आधी घातली की तिचा गाळ होतो.

दुसरं काम कळण्याचं पीठ. 4 भाग ज्वारी, 1 भाग सालाचे उडीद, थोडं खडे मीठ, पण 8-10 दिवस पुरेल एवढंच दळून आण. लोक महिन्याचं दळतात आणि मग पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेने चिरते, आणि थकून आलेल्या बाईला वाटतं माझाच हात बिघडला. पीठ जुनं झालंच असेल तर उकळतं पाणी घालून झाकून ठेव आणि कोमट झालं की मळ, बऱ्यापैकी जमते. दादर ज्वारी मिळाली तर तीच घे, भाकरी मऊ आणि गोड होते. उडदामुळे कळण्याच्या भाकरीने पोट धरून राहतं, बरोबर ठेचा-तेल मोठ्यांना, दही-गूळ पोरांना, आणि त्या दिवशी भाजी नाही केली तरी चालतं. खरंच चालतं.

एखाद्या दिवशी फुणके कर. सकाळी निघताना तुरीची आणि मुगाची डाळ भिजत घालून जा, फार ऊन असेल तर भिजवलेलं पातेलं फ्रीजमध्येच ठेव. आल्यावर भरड वाटायची, लसूण-जिरं-कोथिंबीर, मिरची बेताची, मुठीने वळून चाळणीत 15-20 मिनिटं वाफवायचे. तोपर्यंत कढी होते. लहान मुलाला फुणका हातात देता येतो, तो स्वतःचा स्वतः कुरतडत बसतो आणि तुला दहा मिनिटं मोकळी मिळतात. लेकीला दुसऱ्या दिवशी डब्यात उरलेले फुणके तेलात परतून दे. एवढं लक्षात ठेव, आपल्या उन्हाळ्यात शिजवलेलं अन्न, विशेषतः भात, तासाभराच्या वर ओट्यावर ठेवायचं नाही, झटपट गार करून आत ठेवायचं.

आणि मिस्टर. सकाळची शिफ्ट असेल तर ते दुपारी घरी येतात ना, मग त्या आठवड्यात संध्याकाळचं वरण-भाताचं कुकर आणि भाजी चिरणं त्यांचं. यात मदत केली वगैरे काही नाही, त्यांच्याही पोरांचं जेवण आहे. पहिल्यांदा पाणी जास्त होईल, मीठ कमी पडेल, तू काही बोलू नको, सासूबाई बोलल्या तरी तू बोलू नको. त्यांना भांडणात सांगू नको, शिफ्टचा चार्ट आला की त्याच कागदावर दोघं मिळून लिहा कुठल्या दिवशी कोण.

पार्सलचं चोरी केल्यासारखं वाटतं म्हणतेस, त्यात चोरी कसली. आठवड्यातून एक दिवस ढाब्याचा रस्सा आणि घरच्या गरम पोळ्या, पोरांना दही-भात. ज्या दिवशी भुसावळहून गाडी लेट होते तो दिवस त्यासाठीच ठेव. तसंच सणाचं, खापरावरचे मांडे तुला स्वतः करायची काहीच गरज नाही, ऑर्डरवर मांडे करून देणाऱ्या बाया आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, बिबडे-पापड बचत गटाचे घे, त्या बायांच्या हाताला पण चार पैसे मिळतात. एक कानबाईच्या सणाचे रोट तेवढे अपवाद, ते घरचेच लागतात, पण तिथे सगळे भाऊबंद कामाला असतात, ते एकट्याच्या अंगावर येत नाही. त्या वेळी लेकीला नवीन काय घालायचं हा प्रश्न आला तर दुकानातून तिच्या आवडीचा फ्रॉक घे, नेटचा असला तरी घे, आत तुझ्या हातची सुती शमीज घाल. ती दिवसभर आनंदात राहील.

आता राहिला तो परकर. फेकू नको आणि खर्च वाया गेला असंही म्हणू नको. कमरेची शिवण आणि पोलक्याचा गळा-काख आतून चाचपून बघ, जरीची कापलेली टोकं तिथे बाहेर आली असणार, बहुतेक तेच टोचतं. जुन्या मलमलच्या ओढणीची दीड इंच रुंद उरेब पट्टी काप, त्या शिवणींवर आतून बसव, दोन्ही कडा आत दुमडून हाताने टाके घाल. मशीन काढायचीसुद्धा गरज नाही, सासूबाईंना दाखव, त्या टीव्ही बघता बघता करतील. मग लेकीला घालून बघ आणि दहा मिनिटं खेळू दे. तरी टोचतंय म्हणाली तर कमरेपासून उसव, परकराच्या घेरात 2 उशांचे अभ्रे निघतात.