वाचकांचे प्रश्न: मालकाच्याच पुराणातल्या गोष्टी कशाला?

प्रश्न: आमचा पंचवटीत चौघी-पाचजणींचा वाचनाचा ग्रुप आहे. सध्या अमेरिकेतल्या आणि कॅरिबियन बेटांवरच्या काळ्या कवींच्या कविता वाचतोय. गुलामीवर लिहायचं तर सरळ लिहावं ना, पण जिथं बघावं तिथं अपोलो नाहीतर हेलन नाहीतर अजून कोणी ग्रीक हजर. ज्यांनी बेड्या घातल्या त्यांच्याच पुराणातल्या गोष्टी कशाला घ्यायच्या? एक मैत्रीण म्हणते ही सरळसरळ नक्कल आहे. मला पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही.
– एक वाचिका, नाशिक

उत्तर: ताई, मैत्रिणीला आधी फिलिस व्हीटली वाचायला द्या. पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेली सात-आठ वर्षांची पोर, 1761 मध्ये बोस्टनला विकली गेली, आणि ज्या जहाजातून आणली त्या जहाजाचंच नाव तिला चिकटवलं, फिलिस. घरच्या मालकांनी लिहायवाचायला शिकवलं, पुढं ती लॅटिनपर्यंत पोचली, आणि 1773 मध्ये लंडनला तिचा कवितासंग्रह निघाला. त्यात सुरुवातीलाच एक पत्र छापलंय, बोस्टनच्या अठरा बड्या लोकांच्या नावांनिशी, त्यात गव्हर्नरसुद्धा आहे, की होय बाबा, या कविता या पोरीनंच लिहिल्यात. म्हणजे कविता केली तरी ती आपलीच आहे हे सांगायला गोऱ्यांच्या सह्या लागत होत्या. अशा माणसानं 'सरळ' लिहायचं म्हणजे नेमकं कसं, हे जरा मैत्रिणीला विचारा.

आता तिची नायोबीवरची कविता बघा. मूळ गोष्ट रोमन कवी ओव्हिडची. नायोबी राणीला चौदा मुलं, सात मुलगे सात मुली, त्या तोऱ्यात ती लॅटोना देवीला हिणवते, मग देवीची दोन्ही लेकरं, अपोलो आणि डायना, बाण मारून तिची एकूण एक मुलं संपवतात. ओव्हिडकडं शेवटी नायोबीचा दगड होतो आणि दगडातून पाणी झरत राहतं. व्हीटलीच्या पुस्तकातही हा दगडाचा शेवट आहे, पण तिथं खाली टीप आहे की इथून पुढचं दुसऱ्या कोणीतरी लिहिलंय! तिची स्वतःची कविता त्याआधीच थांबते. शेवटची मुलगी आईला बिलगलीय, आई म्हणतेय ही एक तरी राहू द्या, कोणी ऐकत नाही आणि पोरगी मिठीतच जाते. बस. आता ही कविता गुलामीवर आहे असं कुठंही लिहिलेलं नाही, ते मी म्हणतोय. पण त्याच पुस्तकात लॉर्ड डार्टमथ या ब्रिटिश मंत्र्याला उद्देशून जी कविता आहे तिच्यात ती उघड लिहिते की मला आफ्रिकेतून हिसकावून आणलं, बापापासून लाडकं लेकरू ओढून नेलं, त्याच्या काळजाचं काय झालं असेल. दोन्ही लागोपाठ वाचा. स्वतःच्या ताटातुटीबद्दल तिला थोड्याच ओळी लिहिता आल्या, नायोबीच्या आडून मात्र पानंच्या पानं लिहिली, आणि पुस्तक विकत घेऊन वाचणाऱ्यांना वाटलं आपण ओव्हिड वाचतोय.

अजून एक खोच. त्याच पुस्तकात ती टेरेन्स या रोमन नाटककाराचं नाव घेते, तो गुलाम होता, जन्मानं आफ्रिकन, आणि विचारते की आमच्यातल्या या एकावरच कृपा का? पुढं थॉमस जेफरसननं (तोच, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'सगळी माणसं समान' लिहिणारा, घरी शेकडो गुलाम बाळगणारा) तिच्या कविता टीका करायच्याही लायकीच्या नाहीत असं लिहिलं, वर हेही लिहिलं की टेरेन्स वगैरे रोमन गुलाम तर गोऱ्या वंशाचेच होते. म्हणजे ही पुराणं-नाटकं नेमकी कोणाची, यावरच भांडण चालू होतं.

तुमच्या मैत्रिणीचं अगदीच चूक नाही हो. व्हीटली एका कवितेत म्हणते की देवाच्या दयेनंच मला इथं आणलं, आणि त्यावरून पुढच्या काळ्या वाचकांनी तिला भरपूर सुनावलंय.

नक्कल की काय ते ठरवायचं तर मूळ गोष्टीत कवीनं कुठं हात घातला ते बघायचं. सेंट लुशिया बेटावरचा डेरेक वॉलकॉट घ्या, 1992 चं नोबेल. त्याचं 'ओमेरोस' हे दीर्घकाव्य 1990 चं. नावं होमरच्या ट्रॉयच्या युद्धाच्या ग्रीक गोष्टीतली, पण त्यात अशिल आणि हेक्टर हे कोळी आहेत, आणि हेलन तिथलीच एक काळी बाई. ही नावं त्यानं हौसेनं आणलेली नाहीत, मालक लोक गुलामांना सीझर, पॉम्पी असली नावं ठेवायचेच. त्यातला फिलॉक्टेट मला सगळ्यात भारी वाटतो. ग्रीक गोष्टीत या नावाच्या वीराला साप चावतो, जखमेची घाण यायला लागते म्हणून सोबतीच त्याला बेटावर टाकून जातात. वॉलकॉटकडं जखम आहे पायाला, होडीच्या गंजलेल्या नांगरानं झालेली, पण फिलॉक्टेटला वाटतं की ही आपल्या आज्या-पणज्यांच्या बेड्यांची सूज आहे. ती बरी करते मा किलमन नावाची दुकानवाली, आफ्रिकेतून आलेल्या बीच्या झाडपाल्यानं, आणि त्याला अंघोळ घालते ती कशात, तर जुन्या साखर कारखान्यातल्या काहिलीत. ज्या उसाच्या मळ्यांसाठी माणसं विकत आणली, तिथलीच काहील! ट्रॉयच्या गोष्टीत हे कुठून सापडणार?

प्रश्न: वरच्यासारखं मराठीत काही आहे का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर: आहे ना, आणि तुमच्या अगदी शेजारी आहे. बाबूराव बागुल विहितगावचे, त्यांची 'वेदाआधी तू होतास' काढून वाचा. एकलव्य आणि शंबूक तर दलित कवितेत किती जणांनी घेतलेत. पण सुरुवात जोतीरावांच्या 'गुलामगिरी'पासून करा, ते गद्य आहे, चालेल. 1873 चं, म्हणजे व्हीटलीच्या पुस्तकानंतर बरोब्बर शंभर वर्षांनी, आणि अर्पण केलंय अमेरिकेत निग्रोंना गुलामीतून सोडवणाऱ्या लोकांना. धोंडिबा प्रश्न विचारतो, जोतीराव उत्तर देतात, आणि मत्स्यापासून परशुरामापर्यंतचे अवतार एकेक करून चढाई करून आलेले म्होरके ठरतात, वामन कपटी आणि बळी आपला राजा. दिवाळीत ओवाळताना घरच्या बाया 'इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतातच की, जोतीरावांनी तोच धागा धरला. काळाराम मंदिरासमोर 1930 साली सत्याग्रह झाला तो याच शहरात, त्यामुळं रामाची गोष्ट दाराबाहेर उभं राहून कशी दिसते हे नाशिककरांना मी काय सांगणार. ग्रुपला दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचायला सांगा, व्हीटली जुनी असल्यानं नेटवर फुकट मिळते.