वडील तोफखान्यात होते, नुकतेच वारले. त्यांच्या आठवणी लिहायला सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की वर्षश्राद्धापर्यंत नातवंडांसाठी वडिलांवर छोटी पुस्तिका काढायची आहे, पण नोकरीबद्दल ते घरात फारसं बोललेच नाहीत. तुमचं दुःख ताजं आहे, तेव्हा आधी मनापासून सांत्वन.

माझे वडीलही तोफखान्यातलेच. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. 1966 साली भरती झाले, 1990 साली हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि शेवटपर्यंत भगूरला राहिले. 2019 मध्ये ते गेल्यावर भावाने आणि मी अशीच पुस्तिका केली, त्यावरून सांगते.

सुरुवात डिस्चार्ज बुकापासून करा. बहुतेक घरांत ते पेन्शनच्या कागदांसोबत ट्रंकेत असतं. भरतीची तारीख, ट्रेड म्हणजे फौजेतलं नेमकं काम, मेडल्स, चारित्र्याचा शेरा, बायकामुलांची नावं, सगळं त्यात सापडेल. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस आपल्या नाशिक रोड कॅम्पातच आहे, आणि अर्ज कसा करायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. कागद बाहेर काढालच, तर पीपीओमधलं, म्हणजे पेन्शनच्या आदेशातलं, आईचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते लगोलग बघा. पुस्तिका थांबेल, फॅमिली पेन्शनचं काम थांबायला नको.

मेडल्स हातात घेऊन नीट बघा. अण्णांना 1971 च्या लढाईचं पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल होतं. संग्राम मेडलच्या कडेवर बारीक अक्षरांत त्यांचा नंबर आणि नाव कोरलेलं आहे, ते आम्हाला भिंग लावल्यावर दिसलं. पॉलिश लावून जोरात घासू नका, अक्षरं झिजतात.

आता ट्रेडबद्दल, कारण माणूस खरा तिथे सापडतो. ‘तोफखान्यात होते’ एवढ्यावर थांबू नका. ते गनर होते, ड्रायव्हर होते, की वायरलेसवाले ऑपरेटर? अण्णा टेक्निकल असिस्टंट होते. लांबच्या माऱ्यात तोफेला लक्ष्य दिसतच नाही. पुढे ओपीवर, म्हणजे टेहळणीच्या जागी, बसलेला अधिकारी वायरलेसवरून जागा सांगतो, आणि मागे कमांड पोस्टमध्ये नकाशा व टेबलं घेऊन दिशा आणि अंतर काढायचं. वारा किती, हवेचं तापमान किती, इतकंच काय तोफेच्या दारूचं तापमान किती, हे सगळं त्या हिशोबात धरायचं. कारण थोड्या अंतरावर आपलीच पलटण असते. दहावी पास झालेला माणूस 1971 च्या लढाईत, जम्मूकडच्या सीमेवर छांबच्या थंडीत, डिसेंबरच्या रात्री टॉर्चच्या उजेडात हे हिशोब करत होता. हे कळल्यावर आम्हाला घरातले अण्णा समजले. दुधाचा हिशोब ते दोनदा का तपासायचे, गल्लीतल्या पोरांना त्रिकोणमिती इतक्या जिव्हाळ्याने का शिकवायचे, हे तेव्हा उमगलं. त्यांच्याकडे शिकलेली दोन मुलं पुढे इंजिनिअर झाली. दहाव्याला दोघंही आली होती.

तोफांनी त्यांचा उजवा कान नेला. आमच्या घरात जेवायला बसण्याची जागा त्यावरून ठरायची. ज्याला अण्णांशी बोलायचंय त्याने डावीकडे बसायचं, आणि नातवंडांची त्या पाटावरून भांडणं व्हायची. देवळालीच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की भगूरला खिडक्यांच्या काचा थरथरतात. अण्णा तावदानावर तळहात ठेवून उभे राहायचे आणि म्हणायचे, “चालू झालं बघ पोरांचं काम.” असं काही तुमच्याही घरात असणार. तेच लिहा. देशप्रेमाची ठरीव वाक्यं कुणाच्याही वडिलांना लावता येतात, म्हणून ती मला अशा पुस्तिकेत नकोशी वाटतात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आईशी बोला. फौजी माणसाचा निम्मा संसार त्याच्या बायकोने एकटीने ओढलेला असतो, आणि त्याची नोंद डिस्चार्ज बुकात नसते. पत्त्यावर फक्त युनिट आणि ‘56 एपीओ’ हा फौजी टपालाचा नंबर. नवरा नेमका कुठल्या डोंगरावर आहे हे आईला माहीतच नसायचं. माझा जन्म अण्णांना पत्राने कळला. पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेच्या नोंदीत, माझं नाव चढलं, पण त्यांनी मला पाहिलं तेव्हा मी रांगत होते. जम्मूकडे पोस्टिंग असताना ते झेलम एक्सप्रेसने येऊन मनमाडला उतरायचे, मिळेल ती गाडी पकडून नाशिक रोड, तिथून बसने घरी. काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. दोन महिन्यांच्या सुट्टीत कौलं शाकारायची, वर्षाचा गहू निवडून भरायचा, आमची पुस्तकं-वह्या घ्यायच्या, आणि रोज पहाटे आईच्या आधी उठून बंब पेटवायचा. “वर्षभर तू उठतेस, आता मी,” म्हणायचे. हे आईने सांगितलं तेव्हा ती बराच वेळ थांबून थांबून बोलत होती. घाई करू नका. दुपारी निवांत बसा, फोनवर रेकॉर्डिंग लावा, आणि सालं विचारू नका. “बाबा सुट्टीवर आले की पहिल्यांदा काय करायचे?” असं विचारा.

निवृत्तीनंतरचा काळही गाळू नका. चाळिशी उलटताच फौजेतून परत आलेला माणूस पुन्हा शून्यापासून उभा राहतो. अण्णा कॅम्पातल्या एका बँकेत गार्ड होते, सायकलवरून जायचे. त्या पगारावर आमची शिक्षणं झाली. लढाईइतकीच पानं आम्ही त्या नोकरीला दिली, आणि गार्डच्या गणवेशातला फोटोही छापला.

एकाच युनिटचे कुणी सोबती हयात असतील तर त्यांना गाठा. 28 सप्टेंबरला गनर्स डे, म्हणजे तोफखान्याचा दिवस असतो. 1827 साली त्याच दिवशी बॉम्बे माउंटन बॅटरी ही तोफखान्याची तुकडी उभी राहिली. जुने गनर त्या दिवशी एकमेकांना आवर्जून फोन करतात. वडिलांच्या फोनमधले नंबर पुसू नका, आणि तो फोन त्या दिवशी चालू ठेवा. अण्णांच्या फोनवर पतियाळाहून एका सुभेदार काकांचा फोन आला. अण्णा गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. आधी ते रडले, मग तासभर बोलले. छांबचं जे काही आमच्या पुस्तिकेत आहे, ते सगळं त्यांच्याकडून मिळालेलं आहे.